भिकाजीविरुद्ध वर झालेले हात

मालवण, १४ नोव्हेंबर २००४

भिकाजीला रापण संघातून, किनाऱ्यावरून एकत्र जाळं ओढणाऱ्यांच्या संघातून, काढलं. ठराव एकमताने झाला, असं सचिवाने संध्याकाळी फोनवर सांगितलं. ट्रॉलरवाल्यांना माशांची खबर देतो, हा नुसता संशय.

एकमताने? बाजारात त्याचा शेजारी बाबी भेटला. "माका पटूक नाय. तो तसलो नाय."

"मग हात कित्याक वर केलंस रे?"

"दत्तारामान केल्यान मा!"

संघातल्याच दत्तारामला गाठलं. "बाबीन केल्यान. मगे मी एकटोच काय करतलंय?"

असे किती हात? शेजारच्याचा बघून वर गेलेले. आणि मीही बातमीत 'एकमताने' लिहून मोकळा झालो.

भिकाजीला अजून कोणी कळवलेलं नाही. सकाळी तो नेहमीसारखा जाळं ओढायला येईल. दोर सोड म्हणून सांगायला बाबीलाच पुढे करतील. तो सांगेलही.