दिव्यावरची काळी पट्टी

५ फेब्रुवारी, सोमवार

बाबांच्या गाडीत मीटरवरचा इंजिनाचा दिवा पेटलाय. पिवळा. विझतच नाही. गॅरेजवाल्याने यंत्र लावून पाहिलं – धुराच्या पाइपातला सेन्सर गेलाय म्हणे. मजुरीसकट आकडा ऐकून आईने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

मी म्हटलं, मी बदलते! सेन्सर तेवढा मागवू, मजुरी वाचेल.

बाबा हसले. "बाईसाहेब, हातात कधी पाना धरलाय का?"

आई चक्क माझ्या बाजूने! "अहो, करू द्या तिला. पदवी काय नुसती भिंतीवर टांगायला घेतली?"

टांगली आहेच. घरातली पहिली पदवी, घड्याळाच्या बरोबर शेजारी. जो कोणी वेळ बघेल त्याला ती दिसलीच पाहिजे – ही आईची योजना.

७ फेब्रुवारी, बुधवार

सेन्सर आला. अंगठ्याएवढा! धुरात किती प्राणवायू उरला ते हा इंजिनाला सांगतो. जेवताना सगळं समजावून सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला होता. मला वाटतं त्यांना सेन्सरचं काही कळलं नाही, पण ते खूश होते.

११ फेब्रुवारी, रविवार

बदलला.

तसं लिहायला छान वाटतं. खरं काय झालं ते इथे तरी लिहावं.

इंजिन आधी थोडं गरम करायचं असतं, जुन्या सेन्सरच्या बुडाशी तेल मारून थांबायचं असतं. मला माहीत होतं. व्हिडिओत तो माणूस दोनदा सांगतो. पण अर्ध्या गल्लीला दिसेल असं पुठ्ठा टाकून गाडीखाली झोपले होते, आणि बाबा सारखे वाकून "झालं का?" विचारत होते. मी थंड पाइपावरच पाना लावला आणि ओढला. किर्रर्र आवाज करत सेन्सर निघाला, त्याच्याबरोबर पाइपातल्या आट्यांचा भुगाही. नवा सरळ बसेना. तिरका गेला, अडला. पान्याला नळीचा तुकडा लावून अंगातला सगळा जोर लावला. आत गेला – म्हणजे अडकला.

गाडीला छोटं यंत्र जोडून फोनवरून दिवा घालवला. बाबांनी आनंदाने हॉर्न वाजवला. समोरच्या काकांना ओरडून सांगितलं, "पोरीने केली दुरुस्त!"

१२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी गाडी पुसायला गेले, सुरू करून पाहिली. दिवा परत पेटलेला.

बाबा अजून दाढी करत होते. माझ्या पर्समध्ये काळी चिकटपट्टी होती. नखाएवढा तुकडा कापून मीटरच्या काचेवर लावला, दिव्याच्या बरोबर वर. रविवारी नीट करू, असं स्वतःला म्हटलं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

गाडीत जळका, धुरासारखा वास येतो. बाबा म्हणाले, नवीन भाग आहे, तापल्यावर येत असेल ना? मी "हो" म्हटलं.

हो म्हटलं!

१४ फेब्रुवारी, बुधवार

या गाडीतून बाबा मुलांना शाळेत सोडतात. माझ्याच शाळेत. मी शिकवते तिथे. थंडीमुळे सगळ्या काचा बंद असतात.

पुढच्या दोन दातांशिवाय फिरणारी पहिलीतली आमची दातपडकी आज पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून बसली. "बाई, गाडीत डोकं दुखतं." मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "ही पोरं सकाळी खाऊन येत नाहीत गं."

मी काय केलं? त्यांना म्हटलं, काचा उघड्या ठेवत जा, मोकळी हवा चांगली. अगदी बाईंच्या आवाजात.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

दातपडकी आली नाही. काल परत जाताना गाडीतच उलटी झाली तिला. बाबांनी स्वतःच्या टॉवेलने सीट पुसली आणि मला सांगितलंसुद्धा नाही. आईकडून कळलं.

आज सातवीत हवेवर धडा होता. कार्बन मोनॉक्साइड या शब्दापाशी माझा खडू थांबला. मुलांना वाटलं मी विसरले. पहिल्या बाकावरून कोणीतरी हळूच पुढचं वाक्य सांगितलं – मदत म्हणून!

घरी आल्यावर त्या पदवीकडे बघवेना. घड्याळ बघायचं होतं तरी.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

बाबा किल्ली घेऊन निघालेच होते. दारात आडवी उभी राहिले. आटे, नळी, वास, दिवा, पट्टी – सगळं एका दमात. मग गाडीत जाऊन पट्टी नखाने खरवडून काढली. किल्ली फिरवली. दिवा पेटलाच.

वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पायरीवर बसून त्यांनी एकेका घरी फोन लावला. "आज गाडी येणार नाही. बिघाड आहे. नाही नाही, चूक माझीच." दातपडकीच्या आईला तर दोनदा म्हणाले, आणि तिला आजच डॉक्टरांना दाखवा, गाडीतल्या धुराचं सांगा, असंही. मी फोन मागितला. दिला नाही.

"तू शाळेत जा. उशीर होईल."

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. पाइपाचा तो तुकडाच बदलावा लागणार.

संध्याकाळी मी दातपडकीच्या घरी गेले आणि चूक कोणाची ते सांगितलं. तिच्या आईने दार पूर्ण उघडलं नाही. बरोबरच आहे. मागून ती मात्र हात हलवत होती.

१७ फेब्रुवारी, शनिवार

राहवलं नाही. बाबांना विचारलं, इतकी वर्षं गाडी चालवता, पट्टी दिसली कशी नाही?

"दिसली की. पहिल्याच दिवशी," म्हणाले. "वाटलं, तू लावलीयस म्हणजे तिथे लावायचीच असेल."