इक्वितोसची बोट, आज नक्की

२५ जुलै. तारापोतो, घर.
प्लॅन पूर्ण. शाळेचं टाइमटेबल गेली पंधरा वर्षं मीच लावतो. बावीस शिक्षक, एक प्रयोगशाळा, आणि गणिताचे दोन मास्तर एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. त्यापुढे चार दिवसांची इक्वितोस सहल म्हणजे हातचा मळ.
लग्न झाल्या झाल्या देल्मिराला इक्वितोस दाखवणार होतो. मधे पंचवीस वर्षं गेली. कारणं सगळी रास्त होती. आता २ ऑगस्टला लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. त्या संध्याकाळी मालेकोनवर, म्हणजे नदीकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, दोघांनी फिरायचं. तिने त्यासाठी पांढरा ड्रेस शिवून घेतलाय. शिवून आणल्यावर म्हणाली, तेओ, ह्या वेळी नाही जमलं तर मी पुन्हा विचारणार नाही. न जमायला काय झालंय?

त्याच दिवशी, संध्याकाळ.
मेव्हणी ओफेलिया सल्ला देऊन गेली. विमानाने जा, तासाभराचं काम. नाहीतर सकाळच्या जलद बोटीने जा, त्याच दिवशी पोचाल. ऐकून घेतलं. विमानातून नदी दिसत नाही आणि जलद बोटीत माणसं पिंजऱ्यातल्या पोपटांसारखी बसतात. आम्ही मालवाहू बोटीने जाणार. वरच्या डेकवर हॅमॉक बांधायचा, नदी बघत पडायचं. तीन दिवस.

२६ जुलै. युरिमाग्वास बंदर, दुपार.
बोटीचं नाव एस्त्रेया. कप्तान आर्तिदोरो हे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे काका, म्हणजे घरचाच माणूस. बोटीच्या तोंडाशी फळा आहे. त्यावर खडूने लिहिलंय: आज ५ वाजता, नक्की.
हॅमॉकची जागा अव्वल मिळवली. टॉयलेटपासून लांब, इंजिनपासून लांब. शेजारी एर्सिला नावाची बाई, कोंबड्यांचा धंदा, कोंबड्या सोबत. तिने देल्मिराला विचारलं, बाई, किती दिवसांचा डबा आणलाय? आम्ही हसलो. ती हसली नाही.

सायंकाळी ७.
सिमेंट यायचंय. सिमेंटशिवाय बोट हलकी राहते, हे भूगोलाच्या मास्तराला कोणी शिकवायला नको.

२७ जुलै.
फळ्यावर आज ५ वाजता, नक्की. अक्षर कालच्यापेक्षा सुधारलंय. व्यवस्थापन जागं आहे.
सिमेंट आलं. ट्रकमध्येच आहे.

२८ जुलै.
पेरूचा राष्ट्रीय सण. हमाल सकाळपासून बिअर पितायत. सणाच्या दिवशी गरिबाकडून पोती उचलून घेणारा देश मला तरी नको. प्लॅनमध्ये एक दिवस राखीव होताच. इक्वितोस तीन दिवसांत मजेत होतं.

२९ जुलै.
हमालांची उतरलेली नाही. दुपारी बिअरचे क्रेट चढवले. संध्याकाळी उतरवले. ते दुसऱ्या बोटीचे होते. ती दुसरी बोट सुटली.
देल्मिरा म्हणाली होती, आपण त्या बोटीत जाऊ. मी समजावलं की तिथे हॅमॉकला टॉयलेटशेजारची जागा मिळाली असती, आणि इथे आपली जागा अव्वल आहे. ती म्हणाली, जागा अव्वल आहे रे, पण ती जाते कुठे? मग उठून एर्सिलाच्या कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.
संकल्प: चिडायचं नाही.

३० जुलै.
कप्तानाला जाऊन स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, मास्तर, तुम्ही आहात म्हणून सांगतो, आज शंभर टक्के. मग ते जेवायला घरी गेले. त्यांचं घर गावात आहे. चप्पलही घरातलीच होती. त्यावरून काही ठरवणं बरोबर नाही.
प्लॅन सुधारला. इक्वितोस एका दुपारी होतं. खरा प्रवासी शहर एका दुपारीच बघतो. उरलेले दिवस लोक नुसते खातात.
देल्मिराला प्लॅन वाचून दाखवला. तिने पांढरा ड्रेस पिशवीतून काढला, झटकला, कोंबड्यांचा वास येतो का ते बघितलं आणि पुन्हा घडी केली. येत होता.

३१ जुलै, पहाट.
देल्मिरा गेली. जलद बोटीने.
काल संध्याकाळीच दोन तिकिटं घेऊन आली होती. म्हणाली, तेओ, मी उद्या निघते, तू येतोयस का? मी म्हणालो, आपली बोट आज सुटतेय, आता उतरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तिने वाद घातला नाही. माझं तिकीट परत करून आली. जाताना अर्धा पाव आणि केळी ठेवून गेली. माझ्या कपाळाला हात लावला, ताप आहे का बघतात तसा.
हरकत नाही. ती पुढे जाऊन लॉजची खोली बघून ठेवेल. लॉज मीच शोधलंय. सगळं प्लॅनप्रमाणेच, फक्त आगेमागे.

१ ऑगस्ट.
सिमेंट चढलं. आता पाण्याचा पंप बिघडलाय. पंपाचा भाग तारापोतोहून येणार. म्हणजे माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवरून.
रात्रभर प्रवास केला तरी उद्या पोचत नाही, हे आता उघड आहे. नकाशा काढून पुन्हा मोजलं. पोचत नाही.

२ ऑगस्ट.
लग्नाचा वाढदिवस. सकाळपासून फोन लावला. लागला नाही. तिकडे नेटवर्क खराब असणार.
एर्सिलाने केळीच्या पानात बांधलेला भात दिला, आत कोंबडीचा तुकडा. म्हणाली, खा मास्तर, आज तुमचा दिवस ना? हिला कोणी सांगितलं? देल्मिराने सांगितलं असणार. मी खाल्लं. संध्याकाळी पाच ते सात डेकवर फेऱ्या मारल्या. मालेकोनवर ती ह्याच वेळी असेल. तसं पाहिलं तर आम्ही दोघंही नदीकाठीच फिरत होतो.


३ ऑगस्ट.
पंपाचा भाग आला. चुकीचा.
संकल्प: ह्यापुढे जे होईल ते शांतपणे बघायचं. नदी उतरलीय. चिखल दिसतो.

४ ऑगस्ट, संध्याकाळ.
देल्मिरा परत आली. धक्क्यावरून येताना दिसली, तसा मी लगेच हॅमॉकमध्ये डोळे मिटून पडलो. माणूस कसा निवांत दिसला पाहिजे, वाट बघत बसल्यासारखा नको.
तिने मला हाक मारली नाही. एर्सिलाजवळ बसली. एर्सिलाने विचारलं, मग, कसं काय आमचं इक्वितोस? आणि देल्मिरा बोलायला लागली. पंचवीस वर्षांत तिला इतकं बोलताना मी ऐकलेलं नाही. बेलेनच्या बाजारात कासवाची अंडी बघितली. तिथल्या प्रसिद्ध लोखंडी घराला हात लावून आली, तापलेलं होतं म्हणे. मालेकोनवर वारा एवढा होता की ड्रेस दोन्ही हातांनी धरून चालावं लागलं. दोघी खिदळल्या.
मग म्हणाली, तिथे एक फोटोवाला मागे लागला. बाई, एकट्याच? मिस्टर कुठायत? मी म्हटलं, मिस्टर गेले.
एर्सिला म्हणाली, अगं बाई.
देल्मिरा म्हणाली, काय करणार, बोटीची सगळी कथा सांगत बसले असते तर अंधार पडला असता. त्याला फार वाईट वाटलं बिचाऱ्याला. फोटो फुकट काढून दिला.
एर्सिलाने विचारलं, आणि तुला? तुला वाईट नाही वाटलं?
 देल्मिरा म्हणाली, वाटलं ना, सांगून झाल्यावर. पण म्हणावं तेवढं नाही वाटलं.
मी डोळे मिटूनच होतो. थोडं घोरलोही.

५ ऑगस्ट.
सकाळी देल्मिराने हॅमॉक हलवला आणि चल म्हणाली. रात्री योग्य भाग येऊन पंप बसलाय, बोट आज खरंच सुटतेय, हे मला माहीत होतं. तिला सांगितलं नाही. गाठी सोडल्या, हॅमॉक गुंडाळला.
स्टँडवर तारापोतोची शेअर गाडी उभी होती. फोटो बघू का, असं मी विचारलं. तिने पिशवीतून काढून दिला. छान आलाय. पांढरा ड्रेस, वारा, मागे नदी. तिच्या शेजारी बरीच जागा आहे.
ड्रायव्हरने विचारलं, तुम्ही दोघं बरोबर का? मी हो म्हणालो. ती खिडकीशी जाऊन बसली.