दोघे एका बोटीत नकोत

३ नोव्हेंबर, सोमवार

जॅक्सनच, आमच्या आयटीतला कॉन्ट्रॅक्टवाला. दुसरं कोण असणार?

नीट मांडून बघते, म्हणजे डोक्यातली भणभण थांबेल. हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये तीन सर्व्हर. त्यांच्या पोटात सगळे व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर — बिलिंग, फार्मसी, लॅब. एक सर्व्हर पडला की त्याच्यावरचे व्हीएम दुसऱ्यावर आपोआप उठतात. एवढा खटाटोप त्यासाठीच तर केलाय. शनिवारी दुपारी एक पडला. तिसरा आमच्या साहेबांनी, हरेश सरांनी, सफाईसाठी बंद करून ठेवलेला, म्हणजे उरला एकच. त्याच्यावर बिलिंग उठलं, फार्मसी उठली. लॅबचा मुख्य व्हीएम उठलाच नाही! संध्याकाळपर्यंत रिपोर्ट अडकले. लॅबमधून रिटा सारखी फोन करत होती. एका बाईच्या नवऱ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं, आणि ती माझ्याकडेच बघत बसली होती.

कारण आज सापडलं. एक नियम आहे — लॅबचा मुख्य व्हीएम आणि त्याची कॉपी एका सर्व्हरवर ठेवायचे नाहीत. खाली टिक — बिघाड झाला तरी नियम पाळायचा. उरलेल्या सर्व्हरवर कॉपी आधीच बसलेली, म्हणून मुख्याला दार बंद. जागा होती, मेमरी होती, तरी बाहेर. कॉपीला मुख्य करायचं तर ते हाताने करावं लागतं, आणि ते फक्त जॅक्सनला येतं.

नियम जॅक्सनने लावलेला. आणि शनिवारी जॅक्सन फोन उचलत नव्हता.

४ नोव्हेंबर

विचारलं. वाटलं होतं आढेवेढे घेईल. सरळ म्हणाला, "मीच लावला. मुद्दाम."

टिक कशाला? तर म्हणे, "आमच्या घरात दोघे भाऊ एका बोटीत जात नाय, मॅडम. मान्सं कमी पडली तरी नाय. बोट गेली तर घराला एक तरी राह्यला पायजे. म्हनून तर मी इथं खुर्चीत बसलोय, भाऊ पान्यात."

हसत होता. मला हसू आलं नाही.

वर आणखी — "तीनही चालू असले की काय अडत नाय. एक बंद करनार असाल तर आधी मला सांगा, असं सरांना बोललो होतो." सरांना विचारलं. सर म्हणाले, कधीच नाही. आता खरं कोणाचं धरायचं? अर्थात सरांचं.

५ नोव्हेंबर

जॅक्सन जिन्यात फोनवर. मी दिसले की आवाज खाली.

७ नोव्हेंबर

आता उलगडतंय. त्याचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतं. असा नियम लावायचा, की अडलं की सगळ्यांनी 'जॅक्सन, जॅक्सन' करत फिरावं. मग कोण काढतंय त्याला! आजही तो दोनदा जिन्यात गेला.

तेजसला सांगितलं. नवरा कसला, वकीलच सगळ्या जगाचा. म्हणाला, "तुला तर पेरूवाल्याच्या काट्यावरही संशय." खोटाच आहे त्याचा काटा. माहेरी, वटार गावात, आमच्याच वाडीतले पेरू मी लहानपणापासून तोलतेय, मला कळतं.

१० नोव्हेंबर

हरेश सरांना सगळं सांगून टाकलं. "मला आधीपासून वाटतच होतं," म्हणाले. जॅक्सनचं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीत. शनिवार शेवटचा.

नियम मी स्वतः काढून टाकला. हलकं वाटलं.

११ नोव्हेंबर

सकाळी बघते तर लॅबचा मुख्य आणि त्याची कॉपी, दोघंही एकाच सर्व्हरवर! आधी वाटलं जॅक्सनने डाव साधला. पण कोणी हात लावलेला नाही. सर्व्हरांवरचा भार सारखा करताना सिस्टिमनेच दोघांना एकत्र आणून ठेवलं. अडवायला नियम नव्हता ना. तोच सर्व्हर पडला असता तर मुख्यही गेला असता आणि कॉपीही. हातात काहीच उरलं नसतं.

तिसरा सर्व्हर आता चालू आहे. जॅक्सनचा नियम त्या टिकसकट परत लावला आणि दुपारी लॅबला सांगून एक सर्व्हर मुद्दाम बंद केला. मुख्य व्हीएम तिसऱ्यावर मुकाट उठला. काहीही अडलं नाही.

म्हणजे नियम बरोबर होता. घोळ तिसरा बंद ठेवण्यात होता. आणि तो जॅक्सनने बंद केला नव्हता.

१२ नोव्हेंबर

सरांना पुन्हा विचारलं — त्याने खरंच सांगितलं नव्हतं? सर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "सांगितलंही असेल. सगळं कुठे लक्षात राहतं? आता उकरून काढू नकोस, मेघना."

सगळ्यांवर संशय घेते मी. जो माझ्या हो ला हो म्हणाला, नेमका तोच सुटला. लाज वाटते.

१५ नोव्हेंबर

जॅक्सनचा शेवटचा दिवस. कार्ड जमा केलं, कॉपीला मुख्य कसं करायचं ते मला नीट शिकवलं. मी न विचारता.

शेवटी विचारलंच — फोन कोणाचे यायचे? "भावाचे. खलाशी पळाला त्याचा, दुसरं मानूस मिळत नाय. रोज तेच रडगानं." आणि त्या शनिवारी? "बोट परत आली नव्हती, मॅडम. पाचूबंदरला जेटीवर उभा होतो. फोन घरीच राह्यला."

माझ्यामुळे गेला हे त्याला माहीत आहे का, ते विचारायचा धीर झाला नाही. सोमवारी ट्रस्टींकडे जाते. सरांना काय वाटायचं ते वाटो.

१७ नोव्हेंबर

ट्रस्टी बाहेरगावी. उद्या भेटतील.

१८ नोव्हेंबर

ट्रस्टींनी ऐकून घेतलं. म्हणाले, बोलवा त्याला परत, आजच.

लगेच फोन लावला. लागत नाही. पुन्हा लावला. शेवटी लॅबमध्ये रिटाकडे गेले, ती त्याची शेजारीण. म्हणाली, "कसा लागेल? पगार बंद झाला ना त्याचा. काल भावाच्या बोटीवर गेला. आई दारातच बसून हाय."