समोरासमोरची दोन स्वयंपाकघरं

पादोव्हा, १५ जानेवारी २००६

चि. दोरिन यास ताईचे अनेक आशीर्वाद. लुमिनित्सा आणि दोन्ही पोरांनाही.

फोनवर तू नुसता हो-हो करतोस आणि तेवढ्यात कार्ड संपतं, म्हणून यापुढे इथून आपल्या गावाकडे जाणाऱ्या रविवारच्या गाडीबरोबर पत्र पाठवायचं ठरवलं आहे. ड्रायव्हर मितिका माणूस चांगला, पण पाकीट नीट चिकटवलं नाही तर वाटेत वाचतो. तूही जपून चिकटव.

आता मुद्द्याचं. यंदा ईस्टरला येते ती कायमचीच. अकरा वर्षं इथे परक्यांच्या म्हाताऱ्यांना भरवलं, न्हाऊमाखू घातलं, आता पुरे. तुझ्या दारासमोरचा फ्लॅट मी घेतला खरा, पण त्यात एक रात्रही झोपलेले नाही. भाडेकरू मुली फेब्रुवारीअखेर जातील. न्हाणीघर वगैरे नंतर बघू, स्वयंपाकघर मात्र मी यायच्या आत झालं पाहिजे. तिथे बसून कॉफी प्यायचं चित्र मी इथे सिन्योराच्या, माझ्या म्हाताऱ्या मालकीणबाईंच्या, कपड्यांना इस्त्री करताना रोज बघते.

मासिकातलं स्वयंपाकघर नको. दारं लोंबकळायला नकोत, ओटा उंच हवा (मला आता वाकवत नाही), आणि कोबीच्या पानातल्या सार्मालेचं मोठं पातेलं मावेल असा एक ड्रॉवर हवा. आपली ऐपत तुला ठाऊक आहे. तिघांना तरी विचार. पहिल्यालाच हो म्हणू नकोस; बूट घ्यायला गेलास की पहिल्याच दुकानात घेऊन येतोस, ही तुझी सवय मला लहानपणापासून माहीत आहे.

प्रकृतीला जपावे. उत्तराची वाट पाहणारी,
ताई


पियात्रा न्याम्त्स, २९ जानेवारी

ती. ताईस, धाकट्या दोरिनचा सा. न. वि. वि.

तुझ्या हुकुमाप्रमाणे तिघांना विचारलं.

पहिला मॉलमधला, टाय लावलेला. त्याने मला खुर्चीवर बसवून कॉम्प्युटरवर तुझं स्वयंपाकघर गोल-गोल फिरवून दाखवलं. त्यात फुलदाणी होती, लिंबं होती, खिडकीबाहेर समुद्र होता. मी विचारलं, समुद्र धरून किंमत किती? त्याला हसू आलं नाही. आकडा ऐकून मलाही आलं नाही.

दुसरे लेओंतेमिस्त्री. हात सोन्याचा आहे, अस्सल ओकशिवाय दुसऱ्या लाकडाला शिवत नाहीत. फक्त गेल्या वर्षी त्यांनी शाळामास्तरांचं स्वयंपाकघर उघडलं ते अजून उघडंच आहे. मास्तर बाथरूममध्ये भांडी घासतात आणि मिस्त्रींना रस्त्यात भेटले की तेच आधी टोपी काढतात, न जाणो रागावले तर यायचेच नाहीत.

तिसरा आपला पेत्रोनेल. त्याच्या लग्नात मेणबत्त्या आम्ही धरल्या, तेव्हापासून मी त्याचा धर्मबाप, तो मला 'नशू' म्हणतो आणि दर सणाला गोड पाव घेऊन पाया पडल्यासारखा दारात उभा राहतो. बोर्ड कापायच्या कारखान्यात कामाला आहे, तिथला उरलेला चांगला माल त्याला स्वस्तात मिळतो. मजुरी घेणार नाही म्हणतो. मी म्हटलं, घ्यावी लागेल. त्यावर आमचं भांडण झालं. लुमिनित्साचं म्हणणं असं की, मानलेल्या मुलाला सोडून दुसऱ्याला काम दिलं तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही आणि आम्हालाही.

त्याने नमुन्याचं एक दार दिलंय, तेही पाठवतोय. मितिकाने त्याला पाय ठेवायची फळी केली नाही तर धड पोचेल.

आशीर्वाद असू द्यावा.
दोरिन


पादोव्हा, ५ फेब्रुवारी

चि. दोरिन यास आशीर्वाद.

दार पोचलं. बुटाचा एक ठसा होता, पुसला. मग ते दोन दिवस सिन्योराच्या टबात पाण्यात बुडवून ठेवलं. सिन्योरा विचारत होती, हे कोण आहे आणि याला आंघोळ कशाला घालतेस. एका कडेला जरासं फुगलं, बाकी उत्तम. चारही कडांना पट्टी नीट लावायला सांग, खालच्या कडेला विशेष. पाणी तिथूनच शिरतं.

पेत्रोनेलच ठरव. लुमिनित्साचं बरोबर आहे, घरच्या माणसाला डावलून घेतलेलं स्वयंपाकघर घशाखाली उतरणार नाही. पण घरच्या माणसाचं काम म्हणून ढिलाई नको. मजुरी त्याने घेतलीच पाहिजे, बिजागऱ्या चांगल्या घ्यायच्या. रंग फिका हिरवा, कच्च्या सफरचंदासारखा.

आणि मापं तू स्वतः घे. भाडेकरू मुलींना सांगून माझ्या स्वयंपाकघरात जा, दोनदा टेप लाव, कागदावर लिहून पेत्रोनेलला दे. या बाबतीत मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास, तुझ्या शर्टांची मापंसुद्धा मी दोनदा घ्यायची.

सर्वांना प्रेम.
ताई


पियात्रा न्याम्त्स, १९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मापं घेतली. दोनदा घेतली. पेत्रोनेलकडे कागद दिला, त्याने कापायला सुरुवात केली. सफरचंदी रंग मिळाला. मजुरीवर अजून भांडण चालू आहे, पण तो हरेल असं वाटतं.

इथे गुडघाभर बर्फ. मुलं मजेत. घाईत लिहितोय, मितिका खाली हॉर्न वाजवतोय.

लोभ आहेच, तो ठेवावा.
दोरिन


पादोव्हा, २६ मार्च

श्री. दोरिन मुन्तेआनु यांस,

आपल्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरची सेवेरिना बुधवारी सुट्टी संपवून परत आली. गुरुवारी दुपारी आम्ही गावाकडून कामाला आलेल्या सगळ्या बागेत बसतो, तिथे दहाजणींच्या देखत तिने तुमच्या घरचं नवं स्वयंपाकघर किती सुंदर झालंय ते सांगितलं. फिका हिरवा रंग, म्हणाली. एवढा खोल ड्रॉवर की त्यात मूल बसेल. मी विचारलं, माझ्या घरी? तर म्हणाली, नाही, दोरिनच्या घरी. तुझं तर रिकामंच आहे, भिंतीला नुसता नळ आहे.

मी हसले. म्हटलं, हो, मीच सांगितलं होतं तसं. घरी येऊन सिन्योराला भरवलं आणि मग न्हाणीघरात जाऊन बसले.

इथल्या प्रत्येकीकडे अशी एक गोष्ट आहे. कुणाच्या पैशात नवऱ्याची गाडी येते, कुणाच्या पैशात जावेच्या मुलीचं लग्न होतं. मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, माझा दोरिन तसा नाही. तुला स्वयंपाकघर हवं होतं तर मागायचंस. मी दिलं असतं. तू महिनाभर एक अक्षर लिहिलं नाहीस, हे मला जास्त लागलं.

सिन्योराचा मुलगा बरेच दिवस मागे लागला होता की अजून दोन वर्षं राहा. काल त्याला हो म्हटलं. ईस्टरला माझी वाट पाहू नये.

आग्लाया मुन्तेआनु


पियात्रा न्याम्त्स, २ एप्रिल

ती. आग्लायावन्सं यांना लुमिनित्साचा नमस्कार वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र वाचून हे दोन दिवस जेवले नाहीत आणि लिहायला बसले की कागद फाडतात. मला मात्र सगळं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

झालं ते असं. मापं घ्यायला हे तुमच्या दारापर्यंत गेले. आत मुलींचा परीक्षेचा अभ्यास चालू, दोरीवर त्यांचे आतले कपडे वाळत घातलेले, जिने दार उघडलं ती झोपेच्या कपड्यांत. तुमचा भाऊ लाजून परत आला. पुन्हा जायचा धीर होईना. मग म्हणाले, अख्खी इमारत एकाच साच्यातून काढलेली आहे, आपलं स्वयंपाकघर ते तिचं. आणि आमच्याच टेबलाशी बसून आमच्याच भिंतींना टेप लावला. दोनदा लावला, तेवढं मात्र खरं.

आकडे बरोबर होते, वन्सं. पण समोरासमोरच्या घरांत आपलं डावं ते समोरच्यांचं उजवं. वीस वर्षं तो जिना चढतोय आम्ही, एकाच्याही डोक्यात आलं नाही. पेत्रोनेलने जाऊन पाहायला हवं होतं, पण नशूंनी दिलेलं माप पुन्हा घेणं म्हणजे त्यांच्या शब्दावर शंका घेणं, असं त्याला वाटलं. तेव्हा कुणीच पाहिलं नाही. आठ मार्चला माल आला आणि तुमच्या घरात लावायला घेतला, तर नळाच्या जागी शेगडी आणि शेगडीच्या जागी कोपऱ्याचं कपाट. ओट्याची फळी भोकं पाडून आलेली. ती काही उलटी करता येत नाही.

पेत्रोनेल जिन्यात बसून रडला. सगळा माल जिन्यातच होता, वरून छपराचं पाणी टपकत होतं आणि तुम्ही सांगितलेली खालची कड भिजत होती. मग हे म्हणाले, आपल्याकडे लावून टाक, निदान खराब होणार नाही, ताईचं पुन्हा करू. नव्या मालाच्या पैशांसाठी यांनी स्वतःच्या कारखान्यात रात्रपाळी मागून घेतली. नवं लावून झाल्यावरच तुम्हाला सांगायचं, असं ठरवलं. ते चुकलंच. तुम्हाला लगेच लिहायला हवं होतं, मी म्हटलंही होतं, पण तुमच्यापुढे खोटं उघडं पडेल याची यांना अजून सात वर्षांच्या मुलासारखी भीती वाटते.

आता माझंही खरं सांगते. मला ते स्वयंपाकघर हवंहवंसं वाटलं. काम नसताना ड्रॉवर उघडायची आणि तो आपोआप मिटताना बघायची. बायका बघायला आल्या, सेवेरिनासुद्धा, तेव्हा 'हे वन्संचं आहे' असं मी एकदाही म्हटलं नाही. त्याची मला लाज वाटते.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. शनिवारी सकाळी हे उठले आणि पलंगाचे स्क्रू काढायला लागले. दुपारपर्यंत आमचं सगळं घर जिना ओलांडून तुमच्या घरात नेलं. गाद्या, फ्रिज, पोरांची पुस्तकं, कोबीच्या लोणच्याचं पिंपसुद्धा. आमचं घर, त्या स्वयंपाकघरासकट, आता तुमचं, असं म्हणतात. सोमवारी नोटरीकडे जाऊन कागद करणार आहेत. आम्ही रिकाम्या भिंतीपुढे एका विजेच्या शेगडीवर रांधतो. पोरांना गंमत वाटते आहे. काल रात्री ती झोपेत उठून डावीकडे गेली आणि भिंतीवर आपटली.

माझी काही तक्रार नाही. तुम्ही दोन वर्षं येणार नाही, एवढंच मनाला लागून राहिलं आहे. रागावलात तरी या, इथे येऊन रागवा.

तुमची,
लुमिनित्सा


पादोव्हा, ९ एप्रिल

चि. दोरिन आणि सौ. लुमिनित्सा यांस अनेक आशीर्वाद.

लुमिनित्साचं पत्र गाडीपाशीच उभी राहून वाचलं. मितिकाने विचारलं, कुणी गेलं का? मी नाही म्हटलं आणि त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडले. त्याला वाटेत कुणाला सांगू नको म्हणून बजावलं आहे, पण तो सांगेल.

दोरिन, तू मूर्ख आहेस. मुलींच्या वाळत घातलेल्या कपड्यांना घाबरून माणूस आपल्या बहिणीचं घर उलटं करतो, हे मी आजवर ऐकलं नव्हतं. आणि मला खोटं लिहिलंस, ते मी एवढ्यात विसरणार नाही. पण चोर तू नाहीस, आणि मी तुला चोर ठरवलं. अकरा वर्षांत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं जितकं या दोन आठवड्यांत वाटलं. कपाटांचं दुःख नव्हतं. आपण त्या घरात आता माणूस उरलो नाही, महिन्याला पैसे पाठवणारी बाई झालो, असं वाटलं. रागाच्या भरात मी हो म्हणून बसले त्यात सिन्योराचा किंवा तिच्या मुलाचा काही दोष नाही. आज सकाळी त्याला नाही म्हणून सांगितलं. तो नाराज झाला. माझ्या जागी आपल्याच इमारतीतली सेवेरिना राहील, तिला सगळं शिकवून निघते.

आता मोठी बहीण म्हणून सांगते ते ऐकायचं. नोटरीकडे जायचं नाही, गेला असलास तर कागद फाडायचा. पलंग, फ्रिज, लोणचं, सगळं परत आपल्या घरी न्यायचं. रात्रपाळी बंद. ती हिरवी कपाटं लुमिनित्साच्या घरी आहेत आणि तिथेच राहतील. लुमिनित्सा, ड्रॉवर हवे तेवढे वेळा उघड, लाज वाटून घेऊ नकोस. नवं काही हवंसं वाटलं की मीही इथे दुकानांच्या काचांपुढे तशीच उभी राहायचे.

माझं स्वयंपाकघर पेत्रोनेलच करेल. त्याला म्हणावं, रडू नकोस, पण या वेळी स्वतः येऊन बघ. वर्ष लागलं तरी चालेल. आजवर मला ते रिकामं चालणारं नव्हतं, कारण रिकाम्या घरात एकटीच बसणार असं धरून चालले होते. तुम्ही चौघं त्या नागड्या भिंतीपुढे एका शेगडीवर रांधत बसलात, हे वाचलं आणि माझ्या डोक्यातलं ते एकटीने कॉफी प्यायचं चित्रच मोडलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी पोचते. स्टँडवर कुणी येऊ नका, सामान फार नाही. जिना चढून आले की मी उजवीकडे वळेन का डावीकडे, हे माझं मलाच ठाऊक नाही, तेव्हा दोन्ही दारं उघडी ठेवा.

भेटीअंती बाकीचं.
तुमची ताई