रिम चकचकीत केल्याबद्दल

चि. भाच्यास,

मावशीचे आशीर्वाद. (रागावले म्हणून आशीर्वाद कापून घेणाऱ्यांतली मी नाही. राग आणि आशीर्वाद एकाच पाकिटात मावतात.) तुझी तब्येत बरी असेल, गुडघा दुखायचा थांबला असेल, जेवण वेळेवर होत असेल असं धरून चालते. आमचं विचारशील तर तुझ्या काकांचं खरडलेलं कोपर वाळलं आहे आणि लाँड्रीवाला आमचे कपडे पुन्हा घ्यायला लागला आहे. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध आहे, तो पुढे येईल. माझी स्वतःची प्रकृती काल तुझा फोन येईपर्यंत ठणठणीत होती. हे सगळं फोनवरच का नाही सांगितलं म्हणशील, तर फोनवर तू मध्ये बोलतोस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

"मावशी, शनिवारी टेम्पो पाठवतो, सायकली मित्राकडे हलवू." एवढं म्हणून तू मोकळा झालास. अरे, गुडघा बरा होईपर्यंत ठेव म्हणालास, त्याचे आठ महिने! आठ महिने त्या दोन धुडांची उस्तवार केली, पुढच्या खोलीतलं कपाट त्यांच्यासाठी बाहेर काढलं, येणाऱ्याजाणाऱ्याने पेडलला नडगी आपटून घेतली तरी चकार शब्द काढला नाही (आपटणाऱ्याने काढला, मी नाही), आणि त्याचं हे फळ? स्पर्धा पंधरा दिवसांवर आली, सायकल आता जाणकार हातात हवी, असं तू म्हणालास. जाणकार हात! आणि तू हे म्हणत असताना मागे कोणीतरी फिसकन हसलं. कोण हसलं ते मला कळत नाही असं समजू नकोस. तोच तो तुझा मित्र, देखभालीचा कागद लिहून देणारा. त्याला मी इतके दिवस मनातल्या मनात सर्वज्ञ म्हणत होते. आजपासून उघड म्हणणार.

तो कागदच घे. सतरा कलमं, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, जणू काही मी त्यावर आमटी सांडणारच आहे. दर आठवड्याला चेन पुसा, बोल्ट तपासा, हवा बघा, हे करा, ते करू नका. 'करू नका' ही लाल शाईत. चाळीस वर्षं मी शिवणाचं मशीन चालवलं. शाळांचे गणवेश, बँडवाल्यांचे कोट, एकदा तर आख्ख्या सर्कशीचा पडदा शिवला. मशीन एकदाही दुरुस्तीला नेलं नाही, जे काही झालं ते मीच उघडलं, मीच बसवलं. आणि ज्याला शर्टाचं बटण लावता येत नसेल असा पोरगा मला लाल शाईत सांगतो की तेल कुठे घालू नये!

आता सीटचं ऐक, कारण तेही तू पुन्हा काढशील. तुझ्या दोन सायकलींपैकी उंच ती डोंगरावरची आणि बुटकी ती दगडांवरून उड्या मारायची, ही माहिती तू जाताना जिन्यावरून ओरडून दिलीस. दुसऱ्या दिवशी बघते तर बुटकीला सीटच नाही! माझ्या घरात आल्यावर एका रात्रीत सीट गेली म्हटल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. खालच्या वॉचमनला अर्धा तास उभा केला. बिचाऱ्याने मुलांच्या शपथा घेतल्या, डोळ्यांत पाणी आणलं. नंतर काकांनी कागद उलटा करून पाहिला तर मागे लिहिलेलं, या सायकलला सीट नसते. हे मागे लिहायचं? सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहायचं सोडून? (वॉचमनला मी जुना स्वेटर दिला. त्याने घेतला, पण नमस्कार करत नाही.) आणि बसायचंच नसेल तर सायकल कशाला, माणसाने चालत जावं. म्हणून मी चांगलं जाड कापड घेऊन, आत कापूस भरून, काकांकडून सुईत दोरा ओवून घेऊन, हातानेच कडेने पायपिंग लावून बुटकीला गादी केली आणि नाडीने बांधली. तिसऱ्या महिन्यात सर्वज्ञ तपासणीला आला. चाकं दाबून बघितली (दगडासारखी होती, दर सोमवारी काका पंप मारायचे, कागदात हवा कमी ठेवा म्हटलंय, पण मऊ चाक म्हणजे पंक्चर हे शेंबड्या पोरालाही कळतं), मग गादीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि गादीचा फोटो काढला. चहा विचारला तर नको म्हणाला. ज्याला कुणाच्या घरचा चहा चालत नाही त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

ब्रेकचा प्रकार मी तुला कळवला नव्हता, कारण तू काळजी करशील. आता करच. उंच सायकलचा मागचा ब्रेक किंचाळायला लागला. अंगणात नुसती ढकलत नेली तरी किंचाळायची, वरच्या मजल्यावरचं बाळ उठायचं. यंत्र ओरडलं की ते तेल मागतं, हे मी तुझी आई परकरात होती तेव्हापासून ओळखते. चाकाच्या मधोमध ती पत्र्याची चकती आहे ना, तिच्यावर मी मशीनचं तेल सोडलं. अगदी मोजून, चार थेंब मागच्या चकतीवर, आणि उद्या तीही ओरडू नये म्हणून चार पुढच्या. किंचाळणं जागच्या जागी बंद! काका म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे. आणि त्याच सायकलवर बसून ते पाव आणायला निघाले. तुझ्या काकांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, नकाशावर उतार कसा ओळखायचा हे त्यांच्याइतकं कोणी समजावून सांगणार नाही. प्रत्यक्ष उतार त्यांना त्या दिवशी भेटला. आमच्या गल्लीचा उतार सरळ लाँड्रीच्या दारात संपतो, आणि दारात इस्त्रीचं टेबल असतं. काकांनी दोन्ही ब्रेक दाबले म्हणे, मग पाय घासले, मग डोळे मिटले. टेबल आडवं, काका त्याच्यावर आणि काकांवर कुणाच्या तरी लग्नाचे बावीस शर्ट. इस्त्री तेवढी सुदैवाने लाँड्रीवाल्याच्या हातात होती. (त्यानंतर त्याने ती उगारली, ते वेगळं.) हो, कागदात कलम नऊ, चकतीला तेलाचा थेंबही लागू देऊ नये, खाली दोन रेघा. वाचलं होतं मी. पण इतका जोर देऊन लिहिलेलं खरं असेल असं वाटत नाही माणसाला!

आणि मी हात झटकून बसले का? दोन्ही चकत्या स्पिरिटने पुसल्या. आतले ब्रेकचे पॅड काढून तव्यावर भाजले, तेल जळून जावं म्हणून. हे सायकलच्या दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने सांगितलं, आणि सांगताना तो हसला नाही. तीन दिवस घरात असा वास होता की काकांनी खिडकीत बसून जेवण केलं. माझा तवा गेला. पॅड मात्र धरायला लागले, थोडेसे.

राहता राहिलं कालचं. बुटकीच्या दोन्ही रिमांवर सगळीकडून ओरखडे होते. आडवेतिडवे, खोल, जणू कुणी ग्राइंडर फिरवला. मला वाटलं, पोराने हाल केलेत सायकलचे, स्पर्धेला सगळ्यांसमोर असली ओरबाडलेली सायकल घेऊन उभा राहील, लोक म्हणतील याच्या घरी कोणी आहे की नाही. तीन दिवस बसले. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग भांड्यांचं पॉलिश, मग मऊ फडकं. बोटांची सालं निघाली. अशी चकचकीत झाली रिम की तिच्यात बघून भांग पाडावा. हौसेने काकांकडून फोटो पाठवला. वाटलं होतं, तू खूश होशील. आणि तुझा फोन आला तो असा. ते ओरखडे तुम्हीच मुद्दाम पाडलेले, ग्राइंडर लावून, का तर ब्रेक चावावा म्हणून. आता गुळगुळीत रिमवर ब्रेक नुसता घसरणार आणि तू दगडावरून खाली. अरे, नव्या वस्तूवर ग्राइंडर फिरवायचा आणि त्याला देखभाल म्हणायचं? मग मीही उद्यापासून नवं कापड कात्रीने फाडते आणि शिवलं म्हणून सांगते! सतरा कलमांत हे अठरावं लिहायला सर्वज्ञाची शाई संपली होती का? चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

एक गोष्ट सांगते, ती मात्र चिडून नाही. तू सायकली ठेवून गेलास तेव्हा मशीनवर झाकण घालून मला दीड वर्ष झालं होतं. डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा जाईना. दिवस उजाडला की आता करायचं काय, हा प्रश्न उजाडायचा. मग रविवार आला की चेन पुसायची, हे ठरलं. चेनला डोळे लागत नाहीत. एकेक कडी बोटांतून जाते, कुठली कडी आखडली ते बोटाला कळतं, तिथे थेंबभर तेल (तिथे चालतं, कलम तीन), पुन्हा पुसायची. काका शेजारी बसून बातम्या वाचतात. आठ महिन्यांत एकही रविवार चुकला नाही. सायकली गेल्या की रविवारीही झाकण. बरं, ते असो. तुला स्पर्धा आहे, मला काय, मी कोण!

तेव्हा टेम्पो खुशाल पाठव. माझी काही हरकत नाही. खोलीत जागा होईल, कपाट परत आत येईल, नडग्या शाबूत राहतील. सर्वज्ञाला सांग, त्याचा कागद जसाच्या तसा आहे, एकही डाग पडलेला नाही.

तुझी (अजून तरी)
मावशी

ता. क. : शनिवारी टेम्पो पाठवू नकोस. काल तुझा फोन ठेवला आणि रागाच्या भरात मी बुटकी खोलली. खरं सांगते, विचार एवढाच होता की जी वस्तू सायकलच राहिली नाही ती टेम्पोवाला नेणार कशी. सगळे भाग जुन्या चादरीवर ओळीने मांडले, प्रत्येकापाशी चिठ्ठी ठेवली. मी हात धुवायला गेले तेवढ्यात काकांनी पसारा आवरला. चादरीचं गाठोडं बांधलं आणि चिठ्ठ्या हरवू नयेत म्हणून वेगळ्या पाकिटात घातल्या.

आणखी एक ता. क. : हे नीट वाच. खोलताना हँडल पकडीतून बाहेर काढलं, आणि पुसता पुसता नखाला काहीतरी अडलं. आधी वाटलं फडक्याचा धागा. पुन्हा पुसलं, पुन्हा अडलं. काकांनी भिंग धरून बघितलं. केसाएवढी भेग आहे, पार अर्ध्या गोलापर्यंत गेलेली. पकडीच्या आत होती, म्हणून वरून दिसत नव्हती. तू त्या हँडलला लटकून दगडावर उड्या मारणार होतास, पंधरा दिवसांनी. मी होते तिथेच खाली बसले रे. मग कसला राग आणि कसलं काय. कागदात याचं एकही कलम नाही, सतराही पुन्हा वाचून घेतली. हँडल मी कपाटात कुलपात ठेवलं आहे आणि ते तुला मिळणार नाही, रडलास तरी. येताना नवीन घेऊन ये. तुझ्या आईला यातलं अक्षर कळवू नकोस.

शेवटचं : आज सकाळपासून गाठोडं सोडून तीन वेळा जोडून पाहिलं. मला जोडता येत नाहीये. हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही, तेव्हा जपून ठेव किंवा जाळून टाक, पण कुणाला दाखवू नकोस. तू ये. आणि त्या तुझ्या मित्रालाही घेऊन ये. रिम खडबडीत करायची ती त्याने करावी, जोडायचं ते त्याने जोडावं, फक्त काम झालं की सायकली इथेच राहू देत, एवढं त्याला तू समजावून सांग. मी शेजारी स्टूल टाकून बसेन, तो काय करतो ते बघेन, आणि एक शब्द बोलणार नाही. (बोलेन. पण हळू बोलेन.)