दोन पेडलांची जीप

स्तोरिबाक्की,
ऑगस्टचे शेवटचे दिवस

प्रिय इदुन,

तुझे बाबा म्हणाले, फोन कर, हल्ली पत्रं कोण लिहितं. पण फोनवर तू दोन वाक्यं झाली की "ठेवते गं आई" म्हणतेस, आणि मला सांगायचंय पोतंभर. दोन शरद तू घरी आली नाहीस, तेव्हा एवढं वाचायची शिक्षा तुला आहेच.

आधी वाईट बातमी. आजोबांची रशियन जीप गेल्या सप्टेंबरात मेली. तेव्हा कळवलं नाही, कारण तुला तुझंच निस्तरायचं होतं. डोंगरावरून मेंढ्या उतरवायला सगळं खोरं निघालेलं, जीपमध्ये वीस माणसांचं जेवण, नदीला पाणी चढलेलं, आणि मी सरळ आत घुसवली. इंजिनाने पाणी ओढलं, एकदा खाकरलं आणि गप्प झालं. ओड्डुरकाकांनी ट्रॅक्टरने ओढून काढली. सुपाचं पातेलं मात्र नदीनेच घेतलं, आणि वीस माणसं दोन दिवस सुकी मासळी चावत मला शिव्या देत होती. मग खोऱ्याच्या बैठकीत ठरलं की पुढच्या शरदापर्यंत जीप चालती झाली तर उत्तम, नाहीतर जेवणाची गाडी म्हणून शहरातून पिकअप आणायची, ड्रायव्हरसकट. हेरिंग मासळीच्या बदल्यात रशियाहून आलेल्या जिपांपैकी आपल्या खोऱ्यात ही एकच उरलीय, आणि जेवणाच्या गाडीचा मान आजोबांपासून आपल्या घराकडे आहे. तो असा परक्या पोराच्या हाती जावा हे मला सहन होणार नव्हतं.

इंजिन बदलायचं हे नक्की झालं, पण कुठलं? अख्खा हिवाळा आपल्या स्वयंपाकघरात संसद भरत होती. ओड्डुरकाकांना रशियनच हवं. वरच्या एका गोठ्यात गवताखाली एक जुनं पडलंय, म्हणे रशियन छातीत रशियन काळीजच शोभतं. त्यांनी ही जीप जन्मात चालवली नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना कोण अडवणार? बाबांचा जीव एका जुन्या इंग्लिश डिझेलवर. हळू चालतं पण थांबत नाही, आणि ठिणगीच लागत नाही म्हटल्यावर पाण्याचं भय कमी. गॅरेजवाल्या कोल्बेनने मापं घेऊन सांगितलं की दोन्ही बसतील, फक्त एकदा ठरवा आणि मला झोपू द्या. मी तळलेल्या गोड क्लाइना दर रविवारी संपत होत्या, इंजिन काही ठरत नव्हतं.

मार्चमध्ये मला तिसरं सापडलं. आकुरेरीजवळ बर्फात उलटलेल्या एका जपानी गाडीचं डिझेल, आत अगदी धडधाकट, आणि त्याला जोडलेला त्याचाच गिअरबॉक्स. ऑटोमॅटिक. मी म्हटलं, हेच घ्यायचं आणि गिअरबॉक्ससकट घ्यायचं. ओड्डुरकाकांनी विचारलं की ही मेंढ्यांची गाडी आहे की कोपनहेगनच्या बायकांची भाजी आणायची. बाबा तर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. मी म्हटलं, गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही. माझा गुडघा ठणठणीत आहे, गेल्याच आठवड्यात मी गोठ्याच्या छपराला रंग दिला. बाबांनी ते खालून पाहिलं आणि मूग गिळून बसले.

काम उन्हाळाभर चाललं. कोल्बेनने इंजिनासाठी नवे पाये जोडले, मागची चाकं फिरवणारा दांडा कापून आखूड केला, बॉनेट चार बोटं उचललं. जीप आता कपाळाला टेंगूळ आल्यासारखी दिसते, तू हसशील. क्लचचं पेडल त्याने मुळापासून काढलं आणि त्या भोकावर पत्रा ठोकला. मी म्हटलं होतं, तिथे पायाला लागेल असं काहीही ठेवू नकोस.

परवाच्या रविवारी मी ती एकटीच नदीवर नेली. काठावर थांबून डावा पाय सीटवर दुमडून घेतला आणि लोकरीच्या शालीने घट्ट बांधून टाकला. मग पाण्यात घातली. मध्यावर एका धोंड्याने ती अशी कलली की माझा बांधलेला पाय शालीत धडपडायला लागला, नसलेलं पेडल शोधायला. मी उजव्याच पायाने तिला सावरलं. पलीकडे गेले, वळले, परत आले. तिने एकदाही धाप टाकली नाही. अलीकडच्या काठावर ओड्डुरकाका कुत्र्याला घेऊन उभे. लांबूनच ओरडत होते, "काय गं, गुडघ्याला पोहायला नेलंस का?" जवळ आले, खिडकीतून आत डोकावले आणि त्यांना ती शाल दिसली. हात आत घालून त्यांनी शालीची गाठ चाचपली. मग एवढंच म्हणाले, "इदुन कधी येतेय?" मला रडू आलं गं, आणि ते मी लपवलंही नाही.

नाताळात तू फोनवर म्हणाली होतीस, "मेंढ्यांमागे धावायला पाय लागतात आणि जीपला क्लच. माझं तिथे आता काय काम, आई?" तिकडे आऱ्हुस शहरात त्या ट्रकने तुझा डावा पाय नेला, तो मला आणून देता येत नाही. नव्या पायाला पेडल कळत नाही, हेही तूच सांगितलंस, आणि नदीत तर ते क्षणाक्षणाला कळावं लागतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला आठ महिने लागले, आणि ते गोठ्यासमोर उभं आहे. फक्त उजवा पाय मागतं. तू आली नाहीस तर मी रागावणार नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, रागावेन आणि मग रागावल्याबद्दल रडेन. काल बैठकीत मी सांगून टाकलं की यंदा जीप मी चालवणार नाही, मी शेजारी पातेलं धरून बसेन. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नदीचं पाणी किती, यावर बोलायला लागले. मग चालवणार कोण, असं एकानेही विचारलं नाही.

वाटेकडे डोळे लावून,
तुझीच आई