वादी कोण?

मंगळवार, इंदापूर. दिवेलागण.

बरं वाटतंय, हे लिहायला लाज कसली?

ओट्यावर मी पोरींना पेटीवर भूप शिकवत होते. रागातला मुख्य सूर तो वादी, त्याला साथ देणारा तो संवादी, म्हणून मोठ्यांदा घोकून घेत होते, "गंधार वादी, धैवत संवादी." शेजारच्या घरातून चुलत सासरे, तात्या, उसाचा कोयता घेऊनच आले. बांधाचा दावा त्यांनीच आमच्यावर लावलाय.

"वादी मी हाय. माझ्या दाव्यात ह्यो गंधार कुणी घुसवलाय?"

मला हसू फुटलं. फुटायला नको होतं, पण फुटलं. त्यांनी कोयता पेटीवर घातला. गंधाराची पट्टी उडून उंबऱ्यात पडली. पोरी किंचाळत पळाल्या. मी पेटीचं झाकण उचललं आणि तात्यांच्या मनगटावर हाणलं. हाड वाजलेलं ऐकू आलं. कोयता गळून पडला.

मनगट दाबत, घामानं भिजलेल्या तोंडानं त्यांनी विचारलं, "मग प्रतिवादी कोण हाय?" खरंच विचारत होते.

रागात वादीला प्रतिवादी नसतो, तात्या, संवादी असतो. एवढंच सांगायचं होतं.

पण मी गंधाराची पट्टी उचलून मुठीत आवळली आणि म्हणाले, "मी."